भिशीचे पन्नास हजार, टेलिग्रामवरचे सर आणि शनिवारचे रोल

ताई, स. न. वि. वि.

आम्ही मुलुंड पूर्वेच्या दहा जणी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची भिशी असते, माणशी पाच हजार. या वेळी ती माझ्या घरी आहे. आमच्यातल्या एकीच्या भाच्याने टेलिग्रामवरचा फॉरेक्सचा ग्रुप दाखवला. तिथले सर रोज सांगतात, कधी डॉलर घ्यायचा, कधी युरो विकायचा. रोज दोन टक्के सुटतात म्हणतात. सगळ्यांचं मत पडलं की एका महिन्याची भिशी कुणी उचलायची नाही, ते पन्नास हजार यात लावून बघायचे. खातं माझ्या नावावर काढायचं, कारण मी बी.कॉम. आहे आणि मला कॉम्प्युटर येतो. एकीची मुलगी पुढच्या वर्षी जर्मनीला एम.एस.ला जातेय. तिचं म्हणणं, युरो लागणारच आहेत, तर आत्तापासून शिकलेलं बरं. एकीने आधीच पंधरा हजार भरलेत, तिच्या ॲपवर एकवीस हजार दिसतात. काढायला गेलं तर आधी अठरा टक्के टॅक्स भरा म्हणतात, तो भरावा का? आम्हाला जुगार खेळायचा नाही. जपून, थोडं थोडं करायचंय. नवख्यांनी सुरुवात कशी करावी?

जाता जाता आणखी एक. त्या दिवशी मला टॉर्टियाचे ते मेक्सिकन रोल बेक करायचेत, तळणाचा घाट नको. मागे केले तेव्हा निम्मे फुटले आणि उरलेले पापडासारखे कडक झाले. सोपी रीत सांगाल का?

– एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही मध्येच कुठेतरी लिहून पुढे निघून गेलात. मैत्रिणीचे पंधरा हजार. तो अठरा टक्के टॅक्स भरू नका, त्यातला एक रुपयाही नको. कर कापायचाच असतो तेव्हा देणारा तो द्यायच्या रकमेतून कापतो. आधी वेगळे पैसे पाठवा, मग तुमचे सोडतो, असं कुठलंही खरं खातं सांगत नाही. ॲपवर दिसणारे एकवीस हजार हा त्यांच्यापैकी कुणीतरी बसून टाइप केलेला आकडा आहे. टॅक्स भरला की प्रोसेसिंग फी निघते, ती भरली की ‘खातं तपासणीत अडकलंय’ म्हणून अनामत मागतात. देणारा थकेपर्यंत हे चालतं.

तिला आजच्या आज १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा. सायबर फसवणुकीसाठीची ही सरकारी हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यावर किंवा यूपीआय आयडीवर गेले आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक काय, एवढं हाताशी ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तो क्रमांक दिसतो. ग्रुपमधून रागाने बाहेर पडायच्या आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढून घ्या, कारण तिथल्या ॲडमिनला मेसेज पुसता येतात. ॲप प्ले स्टोअरवरून न घेता लिंकवरून उतरवलं असेल, तर स्क्रीनशॉटनंतर तेही काढून टाका. आणि बँकेला लेखी कळवा. असे पैसे काही तासांत चार-पाच खात्यांतून फिरतात. मधल्या एखाद्या खात्यात ते असतानाच गोठवले गेले तर हाती लागायची आशा असते. सरांशी वाद घालण्यात एक दिवसही घालवू नका.

आणखी एक सांगून ठेवते. तक्रारीनंतर काही आठवड्यांनी ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही सोडवून देतो’ असा फोन येण्याची शक्यता मोठी आहे. तोही फी मागेल. ती याच धंद्याची दुसरी शाखा. आणि त्या भाच्याला फार झापू नका. बहुतेक तोही अडकलाय आणि घरी सांगायची लाज वाटतेय.

आता सरांच्या दोन टक्क्यांकडे बघू. तुम्ही बी.कॉम. आहात, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा. पन्नास हजारांवर रोज दोन टक्के, नफा तसाच मुद्दलात ठेवायचा, वर्षातले २५० बाजाराचे दिवस. उत्तर सत्तर लाखांच्या वर येतं. दुसऱ्या वर्षाअखेरीस ते शंभर कोटींच्या आसपास जातं. ज्याला ही कला साधली आहे, त्याने मुलुंडच्या दहा बायकांना फुकट टिपा देत का बसावं? सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेल्या ब्रोकरला किंवा सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी द्यायला बंदी आहे. त्यामुळे हमीचा शब्द ऐकू आला की समोरचा नोंदणीकृत नाही किंवा नियम मोडतोय, या दोहोंपैकी एक नक्की. दोन्हींत तुमचं काम नाही.

मी फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं बसले. तिथे मोठमोठ्या कंपन्यांचे खजिनदार चार पैशांसाठी फोनवर घासाघीस करायचे. रोज दोन टक्के कमावणारा मनुष्य मला त्या सबंध काळात भेटला नाही.

तुम्ही विचारलंत, सुरुवात कशी करावी. आधी हे बघा की सुरुवात करायला परवानगी आहे का. परकीय चलनाचा सौदा कुणाशी आणि कशासाठी करायचा, यावर आपल्याकडे १९९९चा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला तो सौदा अधिकृत बँकेसारख्या संस्थेशी, रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करता येतो. शेअर बाजार म्हणजे एनएसई, बीएसई आणि मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंज. परदेशात पैसे पाठवायची जी वार्षिक अडीच लाख डॉलरची मुभा आहे, ती वापरून परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरणं चालत नाही. नियम मोडला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. म्हणजे फसवणूक झाली तरी तुम्हीच, आणि कायद्याच्या कचाट्यातही तुम्हीच.

सप्टेंबर २०२२पासून रिझर्व्ह बँक आपल्या संकेतस्थळावर परवानगी नसलेल्या फॉरेक्स मंचांची सावधान-यादी ठेवते आणि त्यात भर घालत असते. पण यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत, असं समजू नका. रिझर्व्ह बँकेनेच तसं लिहून ठेवलंय. उलट बाजूने तपासा. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. ब्रोकरचा असेल तर तो ‘आयएनझेड’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का पाहा. खऱ्या ब्रोकरकडे सौदा झाला की एक्स्चेंजकडूनही त्याचा मेसेज किंवा मेल येतो. सरांच्या ॲपवरच्या सौद्याचा असा मेसेज तुमच्या मैत्रिणीला कधी आलाय का, तिला विचारा. गंमत बघा, रिझर्व्ह बँक फोर्टात, सेबी आणि एनएसई बीकेसीत, बीएसई दलाल स्ट्रीटवर. सगळं मुलुंडहून लोकल नि रिक्षाच्या टप्प्यात. आणि आपण पैसे पाठवणार लंडनचा पत्ता लावलेल्या ॲपला.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे आणि ती ग्रुपवरचे सर कधी सांगणार नाहीत. एनएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आजच बांधणारे सौदे) ऑगस्ट २००८मध्ये सुरू झाले, २०१०मध्ये युरो, पौंड आणि येन आले. बरीच वर्षं हौशी लोकांनी तिथे बिनदिक्कत सौदे केले. मग जानेवारी २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि ते मे २०२४पासून लागू झालं. डॉलर-रुपया, युरो-रुपया अशा रुपया असलेल्या चलनजोडीत सौदा करायचा, तर तुमची परकीय चलनातली खरी जोखीम हवी. म्हणजे कुणाचं देणं डॉलरमध्ये आहे, कुणाचं येणं युरोत आहे. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असावीच लागते आणि ब्रोकर तसं तुमच्याकडून लिहून घेतो. नुसता भाव वर जाईल की खाली, यावर पैसे लावायला ही जागा आता मोकळी नाही. त्यानंतर तिथली गर्दी एकदम ओसरली. युरो-डॉलरसारख्या रुपया नसलेल्या जोड्याही एक्स्चेंजवर आहेत, पण उलाढाल इतकी तुरळक की घेतलेलं विकायला समोर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. नवख्याने तिकडे फिरकू नये.

तेव्हा तुमच्या दहा जणींपैकी नऊ जणींना माझं उत्तर आहे, खरे पैसे लावू नका, कागदावर शिका. दहावी, जिची मुलगी जर्मनीला चाललीय, तिची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. अर्ज करताना आकडा दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघायला सांगा. याचा अर्थ, युरो एका रुपयाने महागला की त्या माउलीला जवळपास बारा हजार जास्त लागतात. पाच रुपयांनी महागला तर साठ हजार. ही तिची खरी जोखीम आणि ती ट्रेडिंग न करताच तिच्या डोक्यावर बसलीय. यावर पहिला उपाय अगदी कंटाळवाणा आहे. आजच्या भावाने जेवढे रुपये लागतात, त्याच्यावर पाच-सहा टक्के जास्तीचे धरून मुदत ठेवीत ठेवायचे आणि ठेवीची मुदत प्रवेशाच्या वेळेशी जुळवायची.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. युरो घ्यायची वेळ येईल तेव्हा आपल्या बँकेत जाऊन समोर फळ्यावर जो भाव असेल तो मुकाट्याने मान्य करायचा नाही. तो कार्ड रेट असतो आणि त्यात बँकेचा नफा ऐसपैस धरलेला असतो. दोन-तीन बँकांचे भाव एकाच दिवशी, एकाच तासात विचारायचे आणि शाखा व्यवस्थापकाला सांगायचं, ‘एवढी रक्कम आहे, ट्रेझरीकडून चांगला भाव मागून द्या.’ ट्रेझरी म्हणजे बँकेचा चलनाचे सौदे करणारा विभाग. बँकेत बसून मी हे रोज पाहिलंय. जो विचारतो त्याला भाव कमी करून मिळतो आणि बहुतेक लोक विचारत नाहीत. युरोमागे एक रुपया सुटला तरी बारा हजार वाचले, तेही एका फेरीत आणि बिनजोखमीचे. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण बायका बँकेत गेल्यावर एवढ्या गप्प का बसतो, हे मला कळलेलं नाही. कुणाचं मूल अमेरिकेत असेल, तर डॉलरसाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा चलन घ्यायचा ऑनलाइन मंच २०१९पासून आहे, तो तुमच्या बँकेत चालतो का ते विचारा.

प्रवेशपत्र हातात पडलं, देणं पक्कं झालं, की तिला युरोचे फ्युचर्स घेऊन भाव बांधून ठेवण्याचा विचार करता येईल. एक लॉट, म्हणजे सौद्याचा सगळ्यात छोटा गठ्ठा, १,००० युरोचा असतो. पण तिथली उलाढाल बघता मी तिला आधी बँकेतच फॉरवर्डबद्दल, म्हणजे बँकेशीच पुढच्या तारखेचा भाव बांधण्याबद्दल, विचारायला सांगेन.

आता कागदावर शिकायचं म्हणजे काय ते बघू. डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा. हिशेबाला सोपं पडावं म्हणून डॉलर ९० रुपये धरू, म्हणजे सौदा नव्वद हजारांचा झाला. पण भरावे लागतात साधारण दोन-तीन टक्के मार्जिन, तीनच धरले तर २,७००. बाजार अस्थिर असला की मार्जिन वाढतं. भाव पाव पैशाच्या पायरीने हलतो आणि प्रत्येक पायरीला एका लॉटवर अडीच रुपये होतात. पंचवीस पैसे हलले की अडीचशे, एक रुपया हलला की हजार. संध्याकाळी पाचला बाजार बंद होतो, दिवसभराचा फरक रोजच्या रोज खात्यात जमा होतो किंवा वजा होतो. उसने दिलेले पैसे जसे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ढकलता येतात, तशी सोय इथे नाही. आणि लक्षात घ्या, भरलेले २,७०० होते, पण रुपयाभराच्या उलट्या चालीने हजार गेले. सौदा तेवढा मोठा आहे हे मार्जिनकडे बघून कळत नाही, नवखी माणसं नेमकी इथेच घसरतात.

परदेशी ॲपवाले पाचशेपट पत देतो म्हणून मिरवतात. त्याचा हिशेब असा. पंधरा हजार भरले, पंचाहत्तर लाखांचा सौदा हाती. भाव ०.२ टक्के उलटा गेला की पंधरा हजार संपले. युरो-डॉलर साध्या दिवशीही अर्धा टक्का इकडे-तिकडे होतो. म्हणजे तुमचा अंदाज संध्याकाळी बरोबर निघाला तरी दुपारीच खातं रिकामं झालेलं असेल.

स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करायची सूचना) लावला की तोटा तेवढ्यावर थांबतो, असं सर सांगतात. नेहमीच्या दिवशी थांबतो. १५ जानेवारी २०१५ला स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही २०११पासून धरून ठेवलेली मर्यादा न सांगता सोडून दिली. काही मिनिटांत फ्रँक वीस-तीस टक्के उसळला. मधल्या भावांना कुणी खरेदीदारच नव्हता, स्टॉप लॉस भलत्याच भावाला लागले, लोकांवर भरलेल्या पैशांपेक्षा जास्त देणं झालं आणि अल्पारी यूकेसारखा ब्रोकरच बुडाला. आपल्याकडे एवढं नाट्य नसलं तरी खाचा आहेत. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय आपल्या घड्याळात रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला येतो. आपला बाजार तेव्हा झोपलेला. सकाळी नऊला उघडतो तो थेट नव्या भावाला आणि तुमचा स्टॉप लॉस मध्येच कुठेतरी राहून जातो.

एक दोनशे पानी वही घ्या. रोज दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचे संदर्भ दर एफबीआयएल ही दर ठरवणारी संस्था जाहीर करते, ते लिहा. फ्युचर्सचा शेवटचा हिशेबही याच दरावर होतो. मग एकच जोडी निवडा, डॉलर-रुपया. सौदा घ्यावासा वाटला की वहीत लिहायचं, किती वाजता, कुठल्या भावाला, का, आणि कुठे आल्यावर चूक मान्य करून बाहेर पडणार. हे ‘का’ सौद्याच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं की आपण आपलीच समजूत घालतो. पन्नास हजारांचं काल्पनिक भांडवल धरलं तर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे पाचशे रुपयांहून जास्त तोटा घ्यायचा नाही. एका लॉटवर तो पन्नास पैशांत होतो. म्हणजे एका वेळी एकच लॉट आणि पन्नास पैशांवर बाहेर, हे गणितातूनच ठरलं. तोट्यात असलेल्या सौद्यात भर घालून सरासरी खाली आणायची नाही. ऑप्शन (ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) विकायचे नाहीत, कागदावरसुद्धा नाही, नाहीतर तिथला रोजचा थोडा थोडा नफा बघून भलतीच सवय लागेल. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असेल त्या दिवशी हात बांधून नुसतं बघा. प्रत्येक सौद्यामागे दलाली आणि कर म्हणून काही रुपये वजा लिहायला विसरू नका. तीन-चार महिन्यांनी वहीची बेरीज करा आणि तेवढेच पैसे बँकेच्या ठेवीत किती झाले असते, ते शेजारी लिहा.

सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. शंभरातले त्र्याण्णव तोट्यात होते आणि तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास. ते शेअरचं आहे, चलनाचं नाही. पण तिथे बसलेलीही तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती आणि त्यांनाही कुणीतरी ‘थोडं थोडं, जपून’ असंच सांगितलं असणार.

राहिला भिशीचा प्रश्न, तो झटक्यात सोडवते. दहा जणींचे पैसे तुमच्या एकटीच्या नावावर घालायचे नाहीत. नफा झाला तर तो तुमच्या पॅनवर व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दिसेल, तुम्हाला आयटीआर-३ भरावा लागेल. तोटा झाला तर दहातली एक तरी म्हणणारच की मी आधीच सांगत होते. दुसऱ्यांचे पैसे घेऊन बाजारात फिरवायला सेबीची नोंदणी लागते, ते वेगळंच. शनिवारी चिठ्ठी काढा, जिची निघेल तिला पन्नास हजार द्या.

चला, ओट्याकडे.

तुमचे रोल फुटले, याची बहुतेक दोन कारणं. एक म्हणजे तुम्ही मक्याचं पीठ वापरलं असणार. मेक्सिकोत टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटतात. त्याने पिठाला चिकटपणा येतो आणि टॉर्टिया दुमडली तरी चिरत नाही. आपलं पिवळं मक्याचं पीठ तसं प्रक्रिया केलेलं नसतं, म्हणून त्याची भाकरी छान होते पण गुंडाळायला गेलं की तडकते. (आणि वाण्याकडे ‘कॉर्नफ्लोअर’ मागितलंत तर तो पांढरा स्टार्च देईल, त्याचा इथे उपयोग नाही.) दुसरं, टॉर्टिया पोळीसारखी पूर्ण भाजली की ती ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा भाजली जाऊन पापड होते.

दहा जणींना बावीसेक रोल पुरतात. दोन वाट्या मैदा आणि दोन वाट्या कणीक घ्या. वाटी मोठी, साधारण सव्वाशे ग्रॅम पिठाची. एक चमचा मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चार टेबलस्पून तेल पिठाला चोळून घ्या. कोमट पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट भिजवा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास विसरून जा. हा अर्धा तास वाचवायला जाल तर लाटताना पीठ मागे खेचेल. लिंबापेक्षा मोठे गोळे करून सात इंचांच्या पातळ पोळ्या लाटा. तवा चांगला तापलेला हवा. एका बाजूला तीस सेकंद, दुसऱ्या बाजूला वीस. पांढरटच दिसायला हव्यात, एखाद-दुसरा फोड आला की उतरवा. फुगू द्यायच्या नाहीत. उतरवल्या उतरवल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात एकावर एक ठेवा. त्या वाफेनेच त्या मऊ राहतात. हे सकाळी करून ठेवलं तरी चालतं, फक्त भरायच्या आधी तव्यावर नुसत्या गरम करून घ्या. गार टॉर्टिया गुंडाळायची नाही.

सारणाला दीड वाटी राजमा रात्रभर भिजवून, कुकरला मऊ शिजवून, पाणी पूर्ण निथळून रगडा. निथळलेलं पाणी रश्शात घाला, टाकू नका. तेलावर कांदा, लसूण, बारीक चिरलेली सिमला मिरची परता, जिरेपूड, लाल तिखट, मीठ, थोडा टोमॅटो सॉस, मग राजमा घालून कढईच्या कडा सुटेपर्यंत आटवा. चमचा उभा केला तर उभा राहावा इतकं घट्ट. सारण पूर्ण गार झाल्यावर दोनशे ग्रॅम पनीर किसून मिसळा. गरम सारण भरलं की वाफ आतून टॉर्टिया ओली करते आणि मग शिवणीतून सगळं बाहेर येतं. मुलुंडच्या भिशीत एखादी जैन मैत्रीण असतेच, तिच्यासाठी चार रोलांचं सारण कांदा-लसणाआधीच वेगळं काढा आणि ते ट्रेच्या एका टोकाला, टूथपिक टोचून ठेवा, म्हणजे वाढताना घोटाळा होत नाही.

प्रत्येकीत दोन टेबलस्पून सारण, कडेपासून बोटभर आत, लांबट पसरा. घट्ट गुंडाळा आणि कड खाली दाबून ट्रेमध्ये ठेवा; टोकं उघडीच राहू द्या. वरून ब्रशने तेल लावा, हात आखडता घेऊ नका, कोरडे रोल भाजत नाहीत, वाळतात. ओटीजी वर-खाली दोन्ही कॉइल चालू करून २०० अंशांवर दहा मिनिटं तापवा. ट्रे मधल्या खाचेत. बारा ते पंधरा मिनिटांत कडा सोनेरी होतात. नवव्या-दहाव्या मिनिटाला एकदा उलटा. तुमचे कडक झाले ते बहुधा कमी आचेवर पाऊण तास ठेवल्यामुळे. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर हे होत नाहीत, चिवट होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, फिरवत फिरवत.

छोट्या ओटीजीत एका वेळी आठ-दहाच मावतात. म्हणून पहिला घाणा मैत्रिणी यायच्या वेळी लावा आणि बाकीचे चिठ्ठी निघेपर्यंत. सोबत चक्क्यात लसूण, मीठ आणि थोडं दूध फेटून ठेवा. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर अगदी बारीक चिरून लिंबू पिळा, पण मीठ आयत्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं. उरलेले रोल फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात, पुन्हा १८० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवले की खुसखुशीत होतात.